लांडोर मधे आली

चैत्रातली पहाट, बाभळींपलीकडचा माळ, आणि खाकी टोप्या घातलेले आम्ही दहाबारा जण गवतात दबा धरून बसलेलो. हवेत मोहोराचा वास असेल कदाचित. मला फक्त सगळ्यांनी फासलेल्या डासांच्या मलमाचा येत होता. समोर मोरानं पिसारा फुलवला आणि कानाजवळ कॅमेऱ्यांचा असा कडकडाट सुरू झाला, की पिसांची सळसळ ऐकूच येईना. त्या सळसळीसाठी तर मी एवढ्या लांब आले होते.

मोर थरथरत होता, सावकाश वळत होता. तेवढ्यात झुडपातून ती आली. मातकट, साधी, दाणे टिपत, आपला काही संबंधच नसल्यासारखी. मोराची थरथर वाढली.

"च्यायला, लांडोर मधे आली!" आमच्या ग्रुपचे म्होरके चिडून कुजबुजले. "अख्खी फ्रेम घाण केली. हाकला रे तिला."

कोणीतरी खडा भिरकावला. ती दचकून झुडपात पळाली. दोघंतिघं खुशीत हसले. मला शिसारी आली. मांडवातून नवरीला हाकलून नवऱ्याचे फोटो काढणारी ही माणसं! आणि स्वतःला पक्षिप्रेमी म्हणवतात. सोहळा जिच्यासाठी मांडलेला असतो तीच यांना मधे येते, हे मी घरीदारी कितीदा पाहिलंय. पण निदान माळावर तरी ते बघावं लागणार नाही असं वाटलं होतं.

मोर क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानं पिसारा मिटला आणि तो पाठ फिरवून चालू लागला.

"अरे," म्होरके म्हणाले, "याला एकाएकी काय झालं?"