सुमनला दिलेलं नाव

कुंकवाचं बोट मी सुमनच्या कपाळापर्यंत नेलं आणि मागे घेतलं. म्हटलं, "लाळघोट्या बायकांना आमच्याकडे कुंकू लावत नाहीत."

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, लालबागला, चाळीतल्या माझ्याच खोलीत. पंधरा-वीस बायका बसलेल्या. सुमन आधी हसली. थट्टा वाटली तिला. "वयनी, काय बोलतंस गे?" मग तिने बाकीच्यांची तोंडं बघितली, आणि वाण न घेताच उठली.

यामागचं खरं मी कोणाला सांगितलेलं नाही. नवरा गेला, त्यालाही नाही.

मी चौथी शिकलेली. पण त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता. जेवणाऱ्यासमोर कुत्रं बसतं ना — लाळ गिळत, शेपटी हलवत — तसं मोठ्या माणसापुढे बसायचं. एवढाच अर्थ. मग तो सुमनला लागू होता का?

तेव्हा चाळ पाडून टॉवर बांधायची बोलणी चाललेली. सगळ्यांनी ठरवलं होतं — खोली केवढी मिळणार ते लिहून दिल्याशिवाय बिल्डरच्या कागदावर कोणी सही करायची नाही. आणि कळलं की कोणीतरी गुपचूप केली आहे. कोणी? गॅलरीत दुसरा विषय नव्हता.

सुमन माझी शेजारीण, माझ्याच गावची. बिल्डरचा मॅनेजर तीन जिने चढून धापा टाकत आला, तर तिने त्याला तांब्याभर पाणी दिलं. पाणी आपण पोस्टमनलाही देतो. पण तिचं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

माझं कोणी पाहिलं नव्हतं. सही माझी होती. नुसती सही? खोबऱ्याच्या वड्या करून मी परळला त्या मॅनेजरच्या ऑफिसात गेले होते. माझ्या मुलाहून लहान तो — त्याला देवमाणूस म्हणाले. खाली वाकून त्याच्या पायांना हात लावला. रस्त्याकडची, उजेडाची खोली हवी होती मला. हळदीकुंकवाला पुन्हा सहीचा विषय निघाला, एकीची नजर माझ्यावर थांबली — आणि सुमन समोर आली.

त्या दिवसापासून चाळ तिच्याशी बोलेना. नळावर तिची कळशी मागे सारायचे. पुढे तिला ताप आला. एरवी कोणी आजारी पडलं की चार घरांतून पेज जाते. तिच्याकडे एक वाटी गेली नाही. तिचा नवरा वॉचमन, दिवसभर बाहेर. आमच्या दोन खोल्यांमध्ये फळ्यांची भिंत. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने फळी वाजवली. "वयनी, आसंस काय गे?"

मी होते. ऐकलं मी. बाहेर बायका भाजी निवडत बसलेल्या. तिच्या दारात गेले असते तर त्यांनी विचारलं असतं — आणि काय सांगणार होते मी? पुन्हा फळी वाजली. मी कांदा चिरत राहिले.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा तिला शुद्ध नव्हती. हॉस्पिटलात दोनच दिवस काढले तिने. तो खोली सोडून गावी गेला. जाताना माझ्या पाया पडून गेला — शेजाराला तुम्ही होतात म्हणून, म्हणाला. मी त्याला खाली वाकू दिलं.

रस्त्याकडची खोली मला मिळाली. सुमन बेचाळिसाव्या वर्षी गेली. मी ब्याऐंशीची आहे.