मधला डी ड्राइव्ह

आमच्या घरात एक कॉम्प्युटर आहे आणि त्याच्या पोटात आणखी एक कॉम्प्युटर आहे. पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी टेबलाखाली वाकून बघतात. तिथे वायरी आणि आईची जुनी चप्पल याशिवाय काही दिसत नाही.

माझी बायको एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करते. म्हणजे कागदावर काढलेली वेल किंवा बुट्टी मशीनला कळेल अशा टाक्यांमध्ये उतरवायची: सुई कुठे जाणार, दोरा कुठे तुटणार, रंग कुठे बदलणार. सुरतेत हे काम घरबसल्या करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. आमच्या डिंडोलीतच आमच्या गल्लीपलीकडे एक-दोघी आहेत. तिचं सॉफ्टवेअर जुनं आहे आणि ते जुन्या विंडोजवरच चालतं. जुना कॉम्प्युटर मेला तेव्हा नव्या कॉम्प्युटरने त्या सॉफ्टवेअरला दारातही उभं केलं नाही. नवं सॉफ्टवेअर शिकायला ती तयार नव्हती. तिचा हात या जुन्यावर बसला होता, आणि बसलेला हात उठवायला मी सांगणं बरोबर नव्हतं.

म्हणून मी व्हर्च्युअल मशीन केलं. नव्या कॉम्प्युटरला सांगायचं की तुझ्यातला एवढा भाग म्हणजे एक वेगळा, जुना कॉम्प्युटर आहे असं समज. तो समजतो. पडद्यावर एक खिडकी उघडते आणि तिच्यात जुनं विंडोज सुरू होतं. बायको त्याला डबा म्हणते. "अहो, डबा उघडून द्या," असं सकाळी ती म्हणाली की मी ऑफिसला निघण्याआधी ते बटण दाबतो. खरं तर तिला ते येतं. पण ते माझं काम असं ठरून गेलंय.

डब्याला मी चाळीस जीबीची डिस्क दिली होती आणि तिचे दोन भाग केले होते, तीस जीबीचा सी आणि दहा जीबीचा डी. का, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर नव्हतं. आपल्याकडे कॉम्प्युटर जुळवून देणारा प्रत्येक माणूस सी आणि डी करूनच देतो. सीमध्ये विंडोज, डीमध्ये आपला ऐवज. सी बिघडला तरी डी वाचतो. खऱ्या डिस्कवर यात थोडाफार अर्थ असेल. पण व्हर्च्युअल मशीनची अख्खी डिस्क म्हणजे नव्या कॉम्प्युटरवरची एक फाइल. ती गेली तर सी आणि डी हातात हात घालून जाणार. मी इच्छापोरच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करतो, माझ्या हे लक्षात यायला हवं होतं. सवयीने केलं, डीला 'बॅकअप' असं नाव दिलं आणि विसरून गेलो. तो रिकामाच पडलाय अशी माझी समजूत होती.

त्या शनिवारी मला सुट्टी होती. सकाळी चहा घेताना आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला.

"अहो, डबा भरला म्हणतोय."

जाऊन बघितलं. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली होती. तिच्या साडीचं डिझाइन पूर्ण होतं, पण त्याची टाक्यांची फाइल काढायला गेलं की सॉफ्टवेअर जागा नाही म्हणत होतं. फाइल करताना त्याला सीवर तात्पुरती मोकळी जागा लागते आणि ती उरली नव्हती.

साडी तिच्या बहिणीच्या मुलीची होती. भाचीचं लग्न अमळनेरला, आणि मावशीने शब्द दिलेला की हळदीच्या साडीचा काठ आणि पदर मी करणार. भेस्तानच्या ज्या कारखान्याचं काम ती करते, त्यांची रविवारी सुट्टी असते. मालकाने तिला सांगितलं होतं, रविवारी सकाळी एक मशीन तुमचं, कारीगर येईल, साडी लावून घ्या. पुढच्या रविवारपर्यंत लग्न होऊन गेलेलं असणार. म्हणजे आज संध्याकाळपर्यंत फाइल जायलाच हवी.

"जुनी डिझाइनं थोडी काढून टाक," मी म्हणालो.

"कुणाची काढू?"

"जी झाली ती. दोन-तीन दिवाळ्यांपूर्वीची."

"आणि सेठ आला की काय सांगू? माझ्या नवऱ्याने घर आवरलं?"

तिचं बरोबर होतं. इथे डिझाइन ज्याच्यासाठी केलं त्याचं असतं. ते दुसऱ्याला द्यायचं नाही आणि टाकायचंही नाही, कारण तोच सेठ पुढेमागे येऊन तीच वेल रंग बदलून मागतो. लिहून कुणी देत नाही, पण यावरच काम मिळतं. पेनड्राइव्हवर हलवायचा प्रयोग पूर्वी केला होता. सॉफ्टवेअरच्या यादीतली चित्रं गेली आणि नुसते नंबर राहिले. ती दोन दिवस माझ्याशी नंबरातच बोलत होती.

तेव्हा डिस्क वाढवणं हाच मार्ग. डबा बंद केला. आधी त्या डिस्कच्या फाइलची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यायला लागलो, तर कळलं की ती हार्डडिस्क भाचीच्या घरी. लग्नाचे जुने फोटो बघायला आम्हीच पाठवली होती. नव्या कॉम्प्युटरवर शंभर जीबीची डिस्क करण्याएवढी जागा होती, वर पूर्ण प्रत ठेवण्याएवढी नव्हती. मला प्रतीशिवाय काही करायला आवडत नाही. पण डिस्क नुसती मोठी करण्यात आतल्या मालाला धक्का लागत नाही, हे मी दोन ठिकाणी वाचून घेतलं होतं. सेटिंगमध्ये जाऊन चाळीसचे शंभर केले. क्षणात झालं.

डबा पुन्हा उघडला. पट्टी लालच.

"वाढवली ना?" बायको म्हणाली.

"वाढवली."

"मग गेली कुठे?"

डिस्कचा नकाशा उघडून दाखवला. एका ओळीत तीन चौकोन: पहिला सी, दुसरा डी, आणि त्यापुढे साठ जीबीची काळी पट्टी, कुणाच्याच नावावर नसलेली. सी वाढवायचा पर्याय फिका पडलेला, दाबला जात नव्हता. ड्राइव्हला फक्त आपल्या लगतची मोकळी जागा घेता येते, आणि सीच्या लगत होता डी.

तिने नकाशाकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, "हे आमच्या मशीनसारखंच की. एका ओळीत सुयांची डोकी असतात, प्रत्येक डोक्याची जागा ठरलेली. बुट्टी त्याहून रुंद असली की शेजारचं डोकं बंद ठेवावं लागतं. नाही तर दोघांच्या सुया एकाच कापडावर."

"तेच. मधला डी काढायचा. रिकामाच आहे."

"डीला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

मी मान वळवून बघितलं. ती पदराला हात पुसत होती. हात कोरडेच होते.

"काय आहे त्याच्यात?"

"माझं आहे."

डी उघडला. तो रिकामा नव्हता. फोल्डरांना सेठांची नावं नव्हती. एक होतं 'गोधडी', एक 'आईची चौकट', एक नुसतं 'शेवगा'. एकेक फाइल ती उघडून दाखवत गेली. तिच्या आईच्या गोधडीवरचे धावदोऱ्याचे चौकोन तिने मशीनच्या टाक्यात बसवले होते. शेवग्याच्या पानांची बारीक वेल होती. आमच्या मागच्या अंगणातला शेवगा, पलीकडच्या फ्लॅटवाल्यांनी पाला गाडीवर पडतो म्हणून तोडायला लावला तो. यातलं काही कुणी करायला सांगितलं नव्हतं, कुणी घेतलंही नव्हतं.

"सीमधलं सगळं लोकांचं आहे," ती म्हणाली. "चांगलं काही सुचलं की वाटतं, हे नको द्यायला. मग इकडे ठेवते."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही बॅकअप नाव दिलेलं. बॅकअपमध्ये कोण डोकावतं?"

भाचीची साडीही त्यातच होती. काठावर शेवग्याची वेल आणि पदरावर गोधडीचे चौकोन. म्हणजे सी वाढवायला जो डी मोडायचा, त्याच्याच आत ती साडी होती.

तिला नीट समजावलं. डी मोडण्याआधी त्यातलं सगळं बाहेर, नव्या कॉम्प्युटरवर नेऊन ठेवायचं; दहा जीबीला तिथे अडचण नव्हती. मग डी पुसायचा, सी वाढवायचा, उरलेल्या जागेत नवा डी करायचा आणि माल परत आणायचा. तिने विचारलं, पुसलेला डी परत येतो का. मी म्हणालो, येत नाही, म्हणून तर आधी बाहेर. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

प्रत निघायला सुरुवात झाली. हिरवी पट्टी सरकत होती. तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातून हाक मारली.

"भाऊ, जेवाले ये ना. भाकर थंडी व्हई राहिनी."

माझी आई घरात अहिराणीच बोलते. तिला भाकरी थंड झालेली चालत नाही, मग घरात आग का लागलेली असेना. मी उठलो, दोन घास खाल्ले आणि परत आलो. काम पूर्ण झाल्याची खूण दिसत होती.

"झालं," बायको म्हणाली. "आता मोडा."

"मोजतो."

"झालं म्हणून तोच सांगतोय ना."

"तो सांगतोय. मी मोजतो."

डीच्या फाइलींची संख्या बघितली, बाहेरच्या प्रतीची बघितली. प्रतीत एक फाइल कमी होती. मी पुन्हा बघितलं. तीच एक कमी.

"एकाने काय होतं?" ती म्हणाली. "विंडोजचं काहीतरी भुक्कड असेल."

"असेल. कोणतं ते बघू."

"पाच वाजता फाइल पाठवायची आहे. तुम्ही ऑफिसमध्ये असेच बसता का? लोक तुम्हाला चहा कसा देतात?"

दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून वरून खाली येत गेलो. 'गोधडी' जुळलं. 'आईची चौकट' जुळलं. 'शेवगा'मध्ये येऊन थांबलो. बोटाने दाखवलं. बाहेरच्या प्रतीत भाचीच्या साडीची फाइल नव्हती.

ती खुर्चीत पुढे झाली. "असं कसं? आत्ता तर उघडून ठेवलीय."

त्यामुळेच. सॉफ्टवेअर चालू होतं, फाइल त्यात उघडी होती, आणि उघड्या फाइलीची प्रत निघाली नाही. पण अशा वेळी कॉम्प्युटर तसं विचारतो.

"काही विचारलं होतं का, मी जेवत असताना?"

"एक चौकोन आला होता. मी 'सोडा' दाबलं. सॉफ्टवेअरमध्ये दिवसभर असे चौकोन येतात हो, सगळ्यांना तेच दाबते. नाही तर एक साडी व्हायला महिना लागेल."

मी बोट त्या ओळीवर तसंच ठेवलं.

"बोला ना," ती म्हणाली. "आता जन्मभर ऐकवाल."

"जन्मभर नाही. लग्न होईपर्यंत."

सॉफ्टवेअर बंद केलं. ती एक फाइल पुन्हा बाहेर नेली आणि तिथून उघडून बघायला सांगितली. तिने पदर मोठा करून चौकोनाचे कोपरे तपासले, वेलीचं टोक तपासलं, मान हलवली. दोन्हीकडची संख्या जुळली, तरी बाकीच्या फोल्डरांतली एकेक फाइल तिनेच उघडायला लावली. या वेळी तिला घाई नव्हती. मग मी डीवर गेलो आणि पुसण्याचं बटण दाबलं. 'खात्री आहे का' असं विचारणारा चौकोन आला.

"हा तुम्ही दाबा," ती म्हणाली.

डी गेला. त्याच्या जागी काळी पट्टी आली आणि पुढच्या काळ्या पट्टीला मिळून सलग झाली. आता सी वाढवायचा पर्याय ठळक झाला होता. त्यात आकडा लिहायचा असतो. माझा विचार पूर्वीच झाला होता: डीला होते तेवढे दहा, बाकी सगळं सीला. सेठांची कामं वाढत जातात, उगाच पुन्हा हा खटाटोप नको. मी तसा आकडा लिहू लागलो.

"थांबा," ती म्हणाली. "त्यांना किती आणि मला किती?"

मी सांगितलं.

"का?"

"त्यांची डिझाइनं जास्त आहेत."

"आत्तापर्यंत," ती म्हणाली.

मी हिशेब पुन्हा मांडला. सी ज्या वेगाने भरला तो वेग धरला, तर दुप्पट जागेत बरीच वर्षं निघत होती. सीला साठ केले. राहिलेले चाळीस डीला. अक्षरही डीच ठेवलं, म्हणजे सॉफ्टवेअरला तो कुठे गेला ते शोधावं लागणार नाही. नवा ड्राइव्ह करताना नाव विचारतो, तेव्हा मी म्हणालो, "आता तुझं नाव घालू."

"नको हो. सेठ कधी शेजारी बसून डिझाइन बघतात. बॅकअपच राहू द्या."

माल परत आणला, पुन्हा मोजला. या वेळी तिने स्वतः मोजला आणि मला आकडा वाचून दाखवला. मग सॉफ्टवेअर उघडून टाक्यांची फाइल काढायला लावली. सीची पट्टी निळी झाली होती. फाइल कुरकुर न करता निघाली. पाचला अजून वेळ होता. तिने कारखान्याच्या मालकाला फोन लावला. "हा भाई, मोकली दीधी छे, जोई लेजो," पाठवलीय, बघून घ्या, असं सांगून फोन ठेवला.

रविवारी दुपारी ती साडी घेऊन आली. आईने ती मांडीवर घेतली. पदरावरून हात फिरवताना एका चौकोनापाशी थांबली आणि सुनेला विचारलं, "हाई तं तुन्ही मायनी गोधडीवरनं शे ना?"

"हो," बायको म्हणाली.

"बठ्ठी साडी अशीच कराले पाहिजे व्हती," आई म्हणाली. सगळी साडीच तिला अशी हवी होती. मग घडी घालायला तिने दोन्ही टोकं आमच्या हातात दिली.

सोमवारी मी डबा उघडून दिला. आठवडाभराची कामं साचली होती, दोन सेठ रंग बदलून मागत होते, ते सगळं सीमध्ये. निघताना वळून बघितलं तर तिने आधी दुसरीच एक नवी फाइल उघडली होती, अजून कोरी. काहीही काढण्याआधी ती डीमध्ये साठवून घेत होती.