शनिवारी सूर्य मावळल्यावर

आमच्या ह्यांची नोकरी बबीनाच्या छावणीत, घर झाशीत सीपरी बाजारात. जन्मापासून मी ख्रिस्ती. चर्चमध्ये आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींविषयी बोलायचं होतं म्हणून वाचायला घेतलं आणि एबिओनी पंथापाशी अडखळले. हे येशूला मानणारे ज्यू लोक. शनिवारी सूर्य मावळेपर्यंत शब्बाथ, म्हणजे कामाला हात न लावण्याचा पवित्र दिवस, पाळत, मोशेचं नियमशास्त्र सोडत नसत, स्नान करून शुद्ध होण्याला फार जपत. पण येशू त्यांच्या लेखी देव नव्हता. योसेफ-मरियेचा मुलगा, देवानं निवडलेला माणूस. इतक्या जुन्या भक्तांनी असं मानलं असेल, तर लहानपणापासून मी हाक मारते ती कुणाला? प्रार्थनेला बसले की शब्दच फुटेनात.

अशातच ह्यांना मेंदूज्वर झाला. दवाखान्यात हे बेशुद्ध, आणि उशाशी मी मुकी.

शनिवारची संध्याकाळ होती. दारात एक म्हातारी उभी दिसली. केसांतून पाणी निथळत होतं, खालची फरशी मात्र कोरडी. खिडकीतून दिसणारा सूर्य पुरता मावळेपर्यंत ती हलली नाही. मग आत आली. खोलीत जुन्या विहिरीसारखा गारवा पसरला.

"बिटिया, पहले हाथ धो लो," ती म्हणाली. मी धुतले. तिनं ह्यांचे हात-पाय ओल्या तळव्यांनी पुसले आणि अनोळखी भाषेत पुटपुटू लागली. त्यातलं 'येशुआ', येशूचं मूळ नाव, एवढंच मला कळलं.

"अम्माजी, आप उनसे प्रार्थना कर रही हैं?" मी विचारलं.

"उनसे नहीं," ती म्हणाली. "उनके साथ."

 डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी शब्द आले: आकाशातल्या बापा, तुला हवं तसं होऊ दे. डोळे उघडले तेव्हा ती नव्हती. शेजारच्या खाटेजवळची बाई माझ्याकडे टक लावून पाहत होती. "दीदी, आप किससे बतिया रही थीं? यहाँ तो कोई आया नहीं."

ह्यांचे हात मात्र ओले होते.

पहाटे हे शुद्धीवर आले. पहिलं वाक्य, "हात कुणी धुतले गं माझे? फार गार हात होते."

ती कोण होती, मी शोधलं नाही. येशू कोण, याचा निवाडाही आता स्वतःकडे मागत नाही. मरणाच्या आदल्या रात्री तोही घाबरून बापापुढे गुडघे टेकून बसला होता, एवढं मला पुरतं. रोज मी त्याच्या शेजारी बसते, थोडी जागा सोडून, आणि आम्ही दोघं बापाकडे मागतो.