अण्णांचे रशियन आकडे

अण्णांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. माझे वडील जालन्यात पाढ्यांचे मास्तर म्हणून ओळखले जात. निजामाच्या अमदानीत उर्दूतून, पुढे मराठीतून, अगदी अपूर्णांकांची पावकी-औटकीसुद्धा त्यांनी पोरांच्या तोंडी बसवली होती. झटक्यानंतर वाचा हळूहळू परत आली, आकडे मात्र आले नाहीत. सात म्हणायला जात आणि नऊ निघे. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून पडत. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना बोलतं ठेवा. पण मी "एक, दोन" सुरू केलं की ते डावा हात झटकत. "नको."

त्या उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ रजेवर आला. भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तिथे तो रशियन फोरमनच्या हाताखाली फिटर होता. दुपारी अण्णांच्या खाटेशेजारी बसून तो मला गंमत म्हणून तिकडचे आकडे शिकवू लागला.

"अदीन, द्वा, त्री, चितीर्ये."

"चित्तर," मी म्हणाले.

"चित्तर न्हाई गं! चि-ती-र्ये. मंग प्यात, शेस्त."

शेस्तला मी अडखळले, आणि खाटेवरून आवाज आला, "शेस्त."

दादानं मान वळवली नाही. सहज बोलल्यासारखा म्हणाला, "स्येम."

"स्येम," अण्णा म्हणाले.

"वोसेम."

तिथे मी चुकले, तेही चुकले, आणि ते हसले. आजारपणात पहिल्यांदाच.

संध्याकाळी मी त्यांना भात भरवत होते. ते तुटक तुटक म्हणाले, "मराठीत चुकलो की... लाज वाटती. ह्यात मी... पहिलीतला."

मग रोज दुपारी आमचा वर्ग भरू लागला. एकदा "द्वा, त्री" म्हणताना ते मध्येच थांबले. "द्वि... त्रि," ते पुटपुटले. परमुलखात गाववाला भेटावा तसा त्यांचा चेहरा झाला.

दादानं सांगितलं, "जड काही उचलायचं असलं की तिकडं अदीन न्हाई म्हणत, राझ म्हणतात. राझ, द्वा, त्री!" त्रीला आम्ही दोघांनी अण्णांना उभं केलं. आई पिठाच्या हातांनी धावत आली.

"अरे, पडतील ना ते!"

"पडत... न्हाई," अण्णा म्हणाले.

दादाची रजा संपली. नंतर आई आणि मी त्यांना तसंच उभं करायचो. आई कधी शाळेत गेली नव्हती, पण "राझ" असं ठसक्यात म्हणायची की अण्णा तिच्याकडे बघतच राहायचे. काठी धरून, रशियन आकड्यांत पावलं मोजत ते आधी ओसरीपर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागले. दहाच्या पुढचं दादानं शिकवलंच नव्हतं, म्हणून दहा झाले की आम्ही पुन्हा पहिल्यापासून.

पाढे त्यांना पुरते कधीच आठवले नाहीत. पण पुढच्या उन्हाळ्यात दादाला घ्यायला ते टांग्यातून स्टेशनवर आले. त्यांना फलाटावर उभं बघून दादानं हातातली ट्रंक तिथंच खाली ठेवली. पाया पडून तो कसंबसं म्हणाला, "अण्णा, आता पुढचे आकडे शिकवू का?"

"आधी घरी चल," अण्णा म्हणाले. "तुझी आई... वाट बघून राह्यली."