मावशींनी क्रॉप केलेली म्हैस

जनावरांच्या जाहिरातींची वेबसाईट मी बनवत होतो. ती लोकांना वापरता येते का, हे बघायला घोडेगावच्या बाजारात गेलो. म्हैस विकायला आलेल्या एका मावशी भेटल्या. त्यांच्या म्हशीचा फोटो काढून माझा मोबाईल त्यांच्या हातात दिला. फोटो क्रॉप करायला, म्हणजे नको तो भाग कापायला, मी वेबसाईटला भलंमोठं तयार प्लगइन जोडलं होतं. त्यात फोटो फिरवा, उलटवा, रंग बदला, सगळं होतं. ते उघडेपर्यंत मावशींनी म्हशीची पाठ दोनदा खाजवली. मग पदराला बोट पुसून एक बटण दाबलं आणि फोटोतली म्हैस उलटी झाली.

“भाऊ, हिला उतानी इकायची हाय व्हय?” त्या खदखदून हसल्या. “मागची मानसं तेवढी काढायची. शिंगापासून शेपटीपर्यंत म्हैस दिसली की झालं.”

तिथंच बसून मी हलकं प्लगइन लावलं. एक चौकट, एक बटण. ते झटकन उघडलं. मावशींनी बोटानं चौकट ओढली, नेमकी म्हशीएवढी. आता फोटोत नुसती म्हैस उरली. त्या बघतच राहिल्या.

“लई देखनी हाय की ही! रोज शेन काढते, पन अशी कधी बघितलीच न्हाई. न्हाई इकत आता.”

त्यांनी दावं सोडलं आणि म्हशीला घेऊन घरची वाट धरली. वेबसाईटची पहिली जाहिरात हातची गेली, पण ते मोठं प्लगइन मी पुन्हा कधी लावलं नाही.