फुटक्या काठाची भाकर

मी शिकलो चौथीपर्यंत. पण लातूरकडच्या मुरुडात अन् आसपासच्या गावांत गवंडी म्हणून माझं नाव होतं. माझ्या भिंतीला कुणीही ओळंबा लावून बघावा. एक वीट पुढं आलेली दिसली की वरचा सगळा थर उतरवायचो, मालक बोंबलला तरी. असला माणूस म्हातारपणी चुलीपुढं भाकर थापायला बसला.

बायकोला लकवा मारला, उजवं अंग गेलं. पोरगा लातुरात फ्लॅटमध्ये राहतो. तो म्हणाला, "आबा, आईला मी नेतो. तुम्ही ताईकडं देगलूरला ऱ्हावा. माझ्याकडं दोघांना जागा न्हाई."

"आमी दोघं हितंच ऱ्हातो."

"अन् खाणार काय?"

"मी करीन."

तो हसला. "दिवाळीला येतो. जमलं नसलं तर आईला घेऊन जाईन, मग बोलायचं न्हाई."

भाकरीवर आमचा संसार टांगला तो असा.

थापायला लागलो की भाकर मधूनच फाटायची. उचलली की तव्यात तुकडे. फाटकी भाकर मी तिला दाखवायचोच नाही. कुत्र्यापुढं टाकायचो अन् पुन्हा पीठ मळायचो. दुपार कलायची, ती उपाशी. खाटेवर पडून नुसत्या थापण्याच्या आवाजावरून तिला सगळं कळायचं. जीभ जड झालेली, तरी सांगायची, "पीठ जुनं हाय, विरी गेली त्याची, चिकटा न्हाई ऱ्हायला. कढत पाण्यात मळा." मी ऐकायचो नाही. जन्मभर मी लोकांना सांगितलं, मला कुणी सांगावं?

एकदा असाच तिसऱ्यांदा मळत होतो. ती म्हणाली, "मला भूक लागलीय हो. तुमी भाकर करताय का भिंत बांधताय?"

माझा हात थांबला. कुत्र्यासाठी काढून ठेवलेली भाकर दुधात कुस्करली अन् तिला भरवली. तिनं सगळी खाल्ली. तोंड पुसल्यावर म्हणाली, "उद्या जरा पातळ थापा."

मग रोज एकच गोष्ट धरायचो. एक दिवस पाण्याचं बघायचं, एक दिवस जाळाचं, एक दिवस परातीत हात फिरवण्याचं. गोल काही झाली नाही, पण पापुद्रा सुटायला लागला.

दिवाळीला पोरगा आला, संगं त्याचा सासरा. इवायाच्या ताटात फुटक्या काठाची भाकर म्हणजे आमच्याकडं नाक कापून घेणं. मी टोपल्यावर फडकं टाकलं अन् शेजारणीकडून दोन गोल भाकरी मागून आणायला उठलो. खाटेवरून तिनं ते बघितलं.

"वाढा की," ती म्हणाली.

वाढल्या. इवायानं भाकर हातात धरून फिरवली. "पाव्हणं, भाकर हाय का तालुक्याचा नकाशा?"

कानशिलं तापली माझी. "नकाशा का असंना, भाजलेला हाय. मोडून बघा."

पोरानं खरंच मोडून बघितली. कुठं कच्चट नव्हती. खाल्ली, अजून अर्धी मागितली. मग आईकडं बघत बसला. तिची वेणी घातलेली होती, अंथरूण कोरडं होतं. जाताना नेण्याचा विषय त्यानं काढला नाही.

संक्रांतीच्या आधी ती गेली. आपल्या घरात गेली. शेवटी तिला गिळवत नव्हतं. भाकर पाण्यात कालवून नुसती ओठाला लावायचो. 'चांगली झाली' असं ती कधीच म्हणाली नाही. म्हटलं तर एवढंच, "कालच्यापेक्षा बरी हाय." पुढं तेवढंही बोलता येईना.

पोरगा म्हणतो, आता तरी चला. मी जात नाही. रोज भाकर थापतो. काठ अजून फुटतो. तव्यावरून उतरवली की मान आपोआप खाटेकडं वळते. खाट पोरानं कधीच उचलून माळवदावर टाकली आहे.