तंतोतंत ताईंचा फळा

आमच्या शाळेच्या कारकून बाईंना मुलं ‘तंतोतंत ताई’ म्हणतात. नाव मुलांनी ठेवलं असलं तरी त्याला कारण मी. एकदा शिक्षकांच्या बैठकीचा वृत्तांत ताईंनी लिहिला. तो सगळ्यांपुढे वाचला गेला तेव्हा तिसऱ्या क्रमांकावर वाक्य निघालं, ‘चहा गार आहे, असे गणिताच्या बाई म्हणाल्या.’ गणिताच्या बाई म्हणजे मीच. मी तिथल्या तिथे चिडले, “अहो ताई, हे कशाला लिहायचं?” तर त्या शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही म्हणालात ना? मग तंतोतंत लिहायला नको?” दाराशी दोन मुली वह्यांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी ते नाव शाळाभर झालं.

ताईंचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. दुकानदार लिहून देईल तेवढीच अक्षरं, एक कमी नाही की एक जास्त नाही. ताई लहानपणी त्यांना दोरी धरून रेघा आखून द्यायच्या, आणि बापाचा हात लेकीच्या हातात उतरला. शाळेत त्या टंकलेखनासाठी लागल्या. पुढे कॉम्प्युटर आला, पण मोठ्या दालनातला भिंतभर काळा फळा त्यांच्याकडेच राहिला. त्याला आता एकवीस वर्षं झाली.

मधल्या काळात त्यांचे यजमान आजारपणात गेले. लेक तेव्हा सातवीत होती. आमची शाळा आठवीपासून, म्हणून पुढच्या वर्षी ती इथेच आली. आता ती नववीत आहे, माझ्याच वर्गात. सकाळी मायलेकी घरून एकत्र निघतात, पण शेवटच्या वळणावर लेक वीस पावलं पुढे होते. या वयात आईचा हात धरून शाळेत येणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणंच! ताईंना ते कळतं. त्या चपलेचा पट्टा नीट करायचं निमित्त काढून मागे राहतात.

यंदा शाळेवर बाका प्रसंग आला होता. आठवीच्या दुसऱ्या तुकडीला तीस मुलं मिळाली नाहीत तर तुकडी बंद करा, असं वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. सरकारी शाळा म्हटलं की लोक आधी नाक मुरडतात आणि मग पत्ता विचारतात. मुख्याध्यापकांनी शनिवारी नव्या पालकांना शाळा बघायला बोलावलं आणि त्याआधी आमच्या मुलांकडून व पालकांकडून शाळेबद्दलची मतं निनावी चिठ्ठ्यांवर मागवली. शुक्रवारी दुपारी सगळा गठ्ठा ताईंपुढे ठेवून ते म्हणाले, “मोठ्या फळ्यावर लिहून काढा. डावीकडे मुलं, उजवीकडे पालक.” आणि ते घाईने बाहेरच्या कामाला गेले. ‘चांगली तेवढी निवडा’ हे सांगायचं ते विसरले. ताईंना हे सांगायला विसरणं म्हणजे काय, ते एवढ्या वर्षांत त्यांना कळायला हवं होतं.

मी मदतीला थांबले. मी चिठ्ठी वाचायची, ताईंनी लिहायची.

‘प्रयोगशाळेत खरोखर प्रयोग करू देतात.’ लिहिलं. ‘मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही.’ तेही लिहिलं. ‘मुलगा घरी येऊन प्रश्न विचारायला लागला, आधी विचारत नव्हता.’ ‘ग्रंथालय चांगले आहे पण कुलूप जास्त चांगले आहे.’ मी हसले. पुढची चिठ्ठी उघडली आणि माझं हसू जागीच आटलं. ‘गणिताच्या बाई रागीट आहेत. शंका विचारायची भीती वाटते.’

“ताई,” मी म्हटलं, “एवढी एक वगळा.”

“तुमची वगळली तर कडीची पण वगळावी लागेल, बाई.”

“कडीचं वेगळं हो!”

“असेल. पण मग कुठली वगळायची आणि कुठली नाही, ते मला ठरवावं लागेल. मला ते जमत नाही.” आणि त्यांनी लिहिलं, माझा ‘रागीट’ चांगला ठसठशीत काढला. खोटं कशाला बोलू, मला फार राग आला. म्हणजे चिठ्ठी खरीच होती.

गठ्ठा संपत आला. मी पुढची चिठ्ठी उचलणार तोच ताईंनी ती माझ्या हाताखालून काढून घेतली. अक्षर बघूनच त्यांनी ओळखलं होतं. चिठ्ठी वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली, आणि त्या फळ्याकडे वळल्या. मग त्यांनी डावीकडे सगळ्यांत खाली लिहिलं:

‘मला या शाळेत यायचे नव्हते. पुलापलीकडच्या शाळेत जागा नाही असे आईने सांगितले. जागा होती. मला नंतर कळले.’

मी वाचलं आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. “ताई, ही तुमच्या…”

“हो.”

“अहो, हे नका लिहू. हे शाळेबद्दल कुठे आहे? हे घरातलं आहे.”

“गठ्ठ्यात होतं,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. “तिचे वडील गेले त्या वर्षी एक दिवस ती शाळेतून तासभर उशिरा आली. त्या तासात माझं काय झालं ते माझं मला ठाऊक. त्यानंतर तिला पुलापलीकडे पाठवायचा धीरच झाला नाही. खरं सांगितलं असतं तर ती भांडली असती, म्हणून खोटं सांगितलं. एवढ्या वर्षांत तेवढं एकच.”

मग त्या उजवीकडच्या बाजूला गेल्या. पालक म्हणून त्यांनाही एक चिठ्ठी मिळालीच होती, ती टेबलावर कोरी पडली होती. त्यांनी पालकांच्या रांगेत शेवटची ओळ लिहिली: ‘जागा होती. मला लेक डोळ्यांसमोर हवी होती. चुकले.’ हात झटकले, पर्स उचलली आणि घरी गेल्या. मी रिकाम्या दालनात एकटीच बसून राहिले.

शनिवारी मुख्याध्यापकांनी फळा पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. पण पुसायला वेळ कुठे होता? पालक दारातून आत येत होते. लोक फळ्यापुढे थांबले, वरपासून खालपर्यंत वाचत राहिले. एक सुतारकाम करणारे गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. त्यांनी कुणालाही काही न विचारता स्वच्छतागृहाचं दार बघून घेतलं आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, “लाकूड कुजलंय, नुसती कडी बसवून टिकणार नाही.” मग अर्ज मागितला. एक बाई ‘रागीट’ वाचून माझ्याकडे आल्या, “त्या तुम्हीच का?” मी म्हटलं, “मीच. पण कमी करतेय.” हे मी का बोलले कोण जाणे. तुकडी वाचली, पण त्याला गुरुवार उजाडला.

त्या शनिवारी माझं लक्ष तिकडे नव्हतंच. नववीच्या मुली पाहुण्यांना वर्ग दाखवत होत्या. ताईंची लेक दोनदा फळ्यासमोरून गेली, पण गर्दीत तिला खालची ओळ दिसली नाही. दुपारी पालक पांगले, मैत्रिणी गेल्या, तेव्हा ती फळ्यापुढे आली. आधी डावीकडची शेवटची ओळ वाचली. मग उजवीकडची. ताई ऑफिसच्या दारात उभ्या होत्या, हातात डस्टर. मी टेबलावरचे अर्ज उगाच नीट लावत होते.

लेक वळली. तिचे कान लालबुंद झाले होते. “आई, माझी चिठ्ठी अर्धीच लिहिलीस.”

ताई डस्टर घेऊन दोन पावलं पुढे आल्या.

“शेवटचं वाक्य कुठाय? तूच म्हणतेस ना, तंतोतंत?”

“ते लिहिलं असतं तर लोकांना वाटलं असतं, मी माझंच कौतुक लिहून घेतलं.”

“आणि?”

“आणि ते मला एकटीलाच ठेवायचं होतं,” ताई म्हणाल्या, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यातून चिठ्ठीची घडी काढून त्यांनी तिच्यापुढे धरली.

लेकीने चिठ्ठी घेतली नाही. तिने खडूचा तुकडा उचलला, गुडघे टेकून बसली, आणि आपल्या ओळीच्या शेवटी उरलेल्या टीचभर जागेत लिहायला लागली. अक्षर हुबेहूब ताईंचं, म्हणजे त्या पाट्या रंगवणाऱ्या आजोबांचंच.

‘पण मधल्या सुट्टीत ऑफिसच्या खिडकीतून आई दिसते. तिकडे ती दिसली नसती.’

ताईंनी ते दोनदा वाचलं. डोळे पदराने पुसले, मग सवयीने मान तिरकी करून म्हणाल्या, “ओळ खाली उतरलीय.”

“उतरू दे,” लेक म्हणाली. “तंतोतंत आहे ना?”